कुठून मॅडम

काही बिघडलं की बाकीची माणसं "काय झालं?" असं विचारतात. सुनंदा मॅडम "कुठून?" असं विचारत. ऑफिसात पाणी आलं नाही असं कुणी सांगितलं, की त्यांचा प्रश्न तयार असे. टाकीतून नळाला आलं नाही, की नळयोजनेतून टाकीला आलं नाही? लाइट गेली तर आपली गेली, गल्लीची गेली की डीपीच उडाली? एकदा मी डोकं दुखतंय म्हणाले, तर मॅडम माझ्या मानेवरून चष्म्यावर आल्या, चष्म्यावरून रात्रीच्या झोपेवर आणि झोपेवरून सकाळी न खाल्लेल्या पोह्यांवर. मग मला खाली पिटाळून गाड्यावरचे पोहे खायला लावले. डोकं दुखायचं थांबलं, पण हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. ऑफिसात त्यांचं नावच पडलं होतं, 'कुठून मॅडम'. ते नाव त्यांना माहीत होतं. ते कुठून निघालं हेही त्यांनी शोधून काढलं होतं. माझ्याकडून.

आमचं ऑफिस परभणीत, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर, पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरून देणाऱ्या दुकानाच्या वर. खाली तांब्याच्या तारा आणि वॉर्निशचा वास, वर आम्ही कीबोर्ड बडवणारे. परभणीत सॉफ्टवेअर बनतं म्हटलं की पुण्याचे लोक हसतात. हसू द्या. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही म्हणतो आणि म्हणताना आम्हीही हसतो, पण कामाला बसलो की हसत नाही. शाळा, दवाखाने, कृषी केंद्रं यांना लागणारे प्रोग्रॅम आम्ही लिहून देतो. मालक रफिकभाई. ते स्वतः प्रोग्रॅम लिहीत नाहीत, पण कुठल्याही गिऱ्हाइकाला चहाच्या एका कपात गार करतात. मॅडम आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून, वडील गेल्यावर आईसाठी परत आलेल्या. मूळ गाव चारठाण्याजवळचं. सुती साडी, पायात बूट, आणि पर्समध्ये कायम गूळ-शेंगदाण्याची पुडी. त्यातलं कुणी मागितलं तर देत, पण न मागता घेतलं तर पुडी कुठून कमी झाली याचा शोध सुरू होई.

या स्वभावाचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे माझं एक लग्न होता होता राहिलं. आम्ही पोखर्णीचे. घरी नांदेडचं एक स्थळ आलं होतं आणि मुलगा लाखात एक आहे असं जो तो सांगत होता. मी ऑफिसात पेढे वाटायच्या बेतात होते, तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "कुठून आलं स्थळ?"

"मामाकडून."

"मामांना कुणी सांगितलं?"

"त्यांच्या मित्रानं."

"अन् मित्राला?"

मी चिडून घरी फोन लावला. मामांनी मित्राला, मित्रानं व्याह्यांना, व्याह्यांनी आणखी कुणाला विचारलं. संध्याकाळपर्यंत असं निघालं, की शिफारस करणाऱ्यांपैकी एकानंही मुलाला डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. शेवटी ही सगळी स्तुती मुलाच्या आईपाशी जाऊन थांबली. मॅडम म्हणाल्या, "आई बोलली ते खरंही असेल गं. पण मधल्यांनी ते आपलं म्हणून सांगितलं, तिथं गडबड आहे." पुढं त्या मुलाचं काय निघालं ते सोडा. माझा नवरा मला दुसरीकडून मिळाला आणि तो मी स्वतः पाहून घेतला.

आता थोडं आमच्या कामाबद्दल सांगावं लागेल. घाबरू नका, अवघड काही नाही. प्रोग्रॅम म्हणजे लहान लहान तुकड्यांची उतरंड असते. एकेका तुकड्याला आम्ही फंक्शन म्हणतो. वरचं फंक्शन खालच्याला काम सांगतं, ते त्याच्या खालच्याला. तहसीलदारानं तलाठ्याला सांगावं आणि तलाठ्यानं कोतवालाला, तसं. अगदी खाली काम अडलं, की तिथं एक चूक जन्माला येते आणि ती एकेकाच्या हातून वर जाते. आम्ही ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो, तिच्यात चूक स्वतःहून काहीच लक्षात ठेवत नाही. वर पोचते तेव्हा नुसतं 'जमलं नाही' एवढंच सांगते. कुणाला जमलं नाही, कुठल्या ओळीवर, कुणी सांगितलेलं काम करताना, याचा पत्ता नसतो. काही भाषा हा सगळा प्रवास चुकीला आपोआप बांधून देतात, आमची देत नाही. तो हातानं बांधावा लागतो. इंग्रजीत त्याला स्टॅक ट्रेस म्हणतात. मॅडम त्याला 'माग' म्हणत. त्यांच्या गावी कुणाचा बैल चोरीला गेला, की माग काढणारा माणूस खुरांवरून थेट दावणीपर्यंत पोचायचा, तो शब्द त्यांनी उचलला होता. असा माग बांधून देणारं एक छोटं साधन त्यांनी स्वतः लिहिलं होतं, आणि ते वापरल्याशिवाय आमचं एकही काम त्यांच्या हाताखालून पुढं सरकत नसे.

नवी असताना मी जरा जास्तच उत्साह दाखवला. चूक जिथं जन्मली तिथं माग बांधला, ती वर गेली तिथंही बांधला, त्याच्या वर पुन्हा बांधला. एक साधी फाइल सापडली नाही तर पडदाभर मजकूर उतरला आणि त्यात खरी ओळ शोधताना माझीच दमछाक झाली. मॅडमनी माझ्या खांद्यावरून पाहिलं. "वर्षा, बारसं किती वेळा करतात गं?" मी म्हटलं, एकदा. "मग तू हे लेकरू घरोघर नेऊन प्रत्येक ओट्यावर पाळण्यात काय घालायलीस? जन्मलं तिथं एकदा नाव ठेव आणि वर जाऊ दे. वरच्यांनी नुसतं हातात घ्यायचं आणि पुढं द्यायचं." त्यांनी स्वतः बसून माझे जादाचे माग खोडले. खोडताना गुणगुणत होत्या, त्यामुळं मला वाईट वाटून घेता आलं नाही.

दुसरी गोष्ट त्या सारखी बजावत. चूक हातात आली की एक तर ती दुरुस्त करा, नाही तर आहे तशी वर द्या. तिच्या तोंडचं वाक्य बदलू नका. आम्हाला वाटायचं, ही म्हातारीची शिस्त आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना त्यांनी त्यामागची गोष्ट सांगितली. पुण्यात असताना त्यांना गावाकडून फोन आला, "दादांना जरा बरं नाही, येऊन जा." आपल्याकडं ही रीतच आहे. माणूस गेला तरी दूरच्या लेकराला तसं सांगत नाहीत, 'सिरियस आहे' म्हणतात, वाटेत घाबरू नये म्हणून. मॅडमच्या बाबतीत तर चुलत्यांनी भावाला 'सिरियस' सांगितलं, भावानं वहिनीला 'जास्त आहे' म्हणून सांगितलं, आणि वहिनीनं मॅडमना 'जरा बरं नाही'. प्रत्येकानं थोडं थोडं मऊ केलं. मॅडमनी वाटेत उतरून वडिलांसाठी चांगली निवडून मोसंबी घेतली. घेताना भावही केला. आणि गावात पोचल्या तर अंगण माणसांनी भरलेलं. सगळे बाजूला झाले, आणि ही मोसंबीची पिशवी धरून मधोमध उभी.

"कुणीच वाईट केलं नाही गं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी मायेनंच केलं. पण रस्ताभर मी दादांना मोसंबी सोलून द्यायच्या विचारात होते. तेवढा वेळ मला रडायला मिळायला पाहिजे होता." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. त्यानंतर मी कधी चुकीच्या तोंडचं वाक्य बदललं नाही.

मॅडमची आठवण सांगताना पाथरीची गोष्ट टाळता येणार नाही. आमचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे परभणीतली रक्त तपासायची एक लॅब. तिची गावोगाव रक्त घ्यायची केंद्रं होती. पाथरीच्या केंद्रावर मंगलताई होत्या. मंगलताई म्हणजे हलका हात. सुई कधी गेली ते लेकरांनाही कळायचं नाही. बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या बाया मुद्दाम त्यांच्याकडं रक्त द्यायला यायच्या. त्या नळीवर चिठ्ठी चिकटवायच्या, मोबाइलवर नोंद करायच्या, आणि नळ्या थंड पेटीतून जीपनं परभणीला यायच्या. पुढचं सगळं आमच्या प्रोग्रॅमवर चालायचं.

मग पाथरीहून आलेल्या नळ्यांवर परभणीत एक वाक्य झळकायला लागलं. 'नमुना योग्य नाही, कृपया पुन्हा घ्यावा.' कधी एका नळीवर, कधी अख्ख्या पेटीवर. लॅबवाले नळ्या टाकून द्यायचे आणि मंगलताईंना पुन्हा रक्त घ्यायला सांगायचे. माणसं पुन्हा बोलवायची, पुन्हा टोचायची. एका आजीनं नातीला दुसऱ्यांदा टोचल्यावर केंद्रावरच भांडण काढलं. गावात बोलणं सुरू झालं, की मंगलताईचा हात आता जड झाला. लॅबच्या डॉक्टरांनी त्यांना शिकवायला माणूस पाठवून पाहिला, मग पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई बसवायचं ठरवलं. डॉक्टरही काय करणार? पडदा सांगत होता, नमुना खराब आहे.

मंगलताईंनी आमच्या ऑफिसला फोन केला तो मॅडमनी उचलला. मॅडम कधी फोन स्पीकरवर टाकत नसत, त्या दिवशी टाकला. पलीकडून आवाज आला, "मॅडम, मी लय वर्सं ह्येच काम करते. मला आता माझ्याच हाताचं भ्या वाटायलंय. सुई धरली की वाटतं, आता बिघडन. माझा हात खरंच बिघडला आसंल तर सांगा, मी सोडून देते. पण मला कळायला तर पाहिजे की कामून."

मॅडमनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला नाही असा तो पहिला फोन. त्या फक्त म्हणाल्या, "मंगलताई, सुई खाली ठेवू नका. मी बघते."

रफिकभाईंचं म्हणणं, हे आपल्या अंगावर कशाला घ्यायचं? नमुना घेणार त्या, तपासणार लॅब, आपण मधले. पण मॅडमना ते वाक्यच खुपत होतं. 'नमुना योग्य नाही' हे म्हणणारं आहे कोण? कॉम्प्युटरनं रक्त पाहिलेलं नाही, यंत्रात अजून नळी गेलेली नाही. मग हे वाक्य कुठून येतं? अडचण अशी, की लॅबच्या प्रोग्रॅमचा तो भाग कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या काळातला होता, मॅडमचं साधन तयार होण्याआधीचा. त्याच्यातल्या चुकांना माग बांधलेलाच नव्हता. मॅडमनी बाकीची कामं बाजूला सारली, मला शेजारी बसवलं आणि त्या जुन्या भागात जिथं जिथं चूक जन्मू शकते, तिथं तिथं माग बांधायला घेतला. कंटाळवाणं काम, पण त्यांच्याबरोबर ते सणाच्या तयारीसारखं वाटायचं. शेंगदाण्याच्या पुडीवरचे निर्बंधही तेवढ्यापुरते उठले होते.

पाथरीची पुढची पेटी आली, पडद्यावर तेच वाक्य आलं, आणि या वेळी त्याच्यामागं माग होता. मॅडमनी तो खालून वर वाचायला घेतला. चूक जन्मली होती वेळेच्या हिशेबात. रक्त काढल्यापासून किती वेळ गेला, हे मोजणारं एक फंक्शन होतं, ते म्हणत होतं, 'वेळ जुळत नाही'. कारण असं, की पाथरीकडं रस्त्याचं काम निघालं होतं आणि केबल वरचेवर तुटून नेट जात होतं. मंगलताईंची नोंद मोबाइलमध्येच अडकून राहायची आणि नेट आलं की पुढं सरकायची, आणि आमचा प्रोग्रॅम ती पोचल्याची वेळ हीच रक्त काढल्याची वेळ धरायचा. तोवर जीप परभणीत आलेली असायची. म्हणजे रक्त लॅबच्या टेबलावर, आणि आमच्या कॉम्प्युटरच्या मते ते अजून काढायचंच होतं! मला हसू आवरेना. मी मॅडमकडं पाहिलं, त्या हसत नव्हत्या.

त्या मागाच्या वरच्या ओळीवर बोट ठेवून बसल्या होत्या. 'वेळ जुळत नाही' ही चूक खरी होती, शहाणी होती, तिनं बरोबर सांगितलं होतं. पण वर जाताना ती एका फंक्शनच्या हातात पडत होती, आणि ते फंक्शन येईल त्या चुकीचं वाक्य पुसून, त्याच्या जागी एकच गोड वाक्य लिहीत होतं. नमुना योग्य नाही, कृपया पुन्हा घ्यावा. ते फंक्शन मॅडमनी लिहिलेलं होतं. परभणीत आल्या आल्या, पहिल्या कामात.

"मला आठवतंय," त्या म्हणाल्या. "केंद्रांवरच्या बायांना इंग्रजी चुका बघून धडकी भरते, असं कुणीतरी म्हणालं होतं. म्हणून मी मऊ केलं." मग तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. ते पाहणं मला सहन होईना. मी उठून चहा सांगायला गेले.

परत आले तेव्हा रफिकभाई समजूत घालत होते. "मॅडम, नीट करून टाका अन् विषय खतम. डॉक्टरला मी नेटवर्कचा प्रॉब्लेम म्हणून सांगतो. खोटं बी न्हाई ते. नेटवर्कला कुणी नाव ठेवत न्हाई."

"नेटवर्कला ठेवत नाही," मॅडम म्हणाल्या, "मंगलताईंना ठेवलंय की."

दुरुस्ती तासाभरात झाली. मंगलताईंनी मोबाइलवर नोंद केल्याची वेळच आता नळीबरोबर जायची. मग मॅडम डॉक्टरांकडं गेल्या, मी आणि रफिकभाईही गेलो. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, मंगलताईंच्या सगळ्या नळ्या चांगल्या होत्या. चूक आमच्या प्रोग्रॅममध्ये होती, आणि ती झाकणारं वाक्य मी लिहिलं होतं." डॉक्टर माणूस भला. थोडे चिडले, मग म्हणाले, बाईंना काढत नाही, मी त्यांना फोन करून सांगतो. रफिकभाई बाहेर येऊन म्हणाले, सुटलो. मॅडम म्हणाल्या, "पाथरीच्या लोकांना कुठं कळलंय?" आणि बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं पाथरीला निघालो.

मला वाटलं होतं, मंगलताई मॅडमच्या पाया पडतील. कसलं काय. केंद्रात बाकं भरलेली, सगळी माणसं अवघडून बसलेली. मंगलताईंनी आमचं ऐकून घेतलं आणि मॅडमकडं असं पाहिलं, की मीच दोन पावलं मागं सरले. "मला कामून सांगायलात?" त्या म्हणाल्या. "माझा हात बरा हाय हे मला कळलं, लय बरं झालं. पण माझी अब्रू गेली ती ह्या लोकांत. ह्यांच्या लेकरांला मी दोनदा दोनदा टोचलंय. ह्यांना सांगा."

मॅडम वळल्या. त्यांना भाषण येत नव्हतं. सॉफ्टवेअर, नोंद, केबल असं काहीबाही सांगायला लागल्या. लोक तोंडाकडं पाहत राहिले. पुढच्या बाकावर फेटेवाले एक आजोबा होते, त्यांनी हात वर करून मधेच थांबवलं. "बाई, आमाला त्ये समजत न्हाई. चूक कुनाची, येवढं सांगा."

"माझी," मॅडम म्हणाल्या. "मंगलताईंची नव्हती. एकदाही नव्हती."

"अन् पुन्ना तसंच झालं मंग? आमी कुनाला धरायचं? पुन्ना हिलाच?"

मॅडमनी मंगलताईंकडं पाहिलं. "नाही. पुन्हा काही अडलं तर त्या पडद्यावर नमुना खराब असं येणार नाही. काय अडलं ते येईल, आणि त्याच्याखाली माझं नाव आणि फोन येईल. ताईंना विचारू नका. मला विचारा."

हे त्यांनी तिथं, उभ्या उभ्या ठरवलं. मला माहीत नव्हतं, रफिकभाईंना तर नव्हतंच. मग त्यांनी पर्स माझ्या हातात दिली, स्टुलावर बसल्या, बाही वर केली आणि हात पुढं केला. "ताई, माझं घ्या. सगळ्यांसमोर घ्या."

मंगलताईंनी आधी सुई उचलून पुन्हा खाली ठेवली. मी पाहिलं. त्यांनी पट्टा बांधला, शीर चाचपली, एक श्वास घेतला आणि सुई घातली. मॅडमच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. नळी भरली. कापसाचा बोळा दाबून मंगलताई म्हणाल्या, "झालं." आजोबा उठून आले आणि मॅडमना म्हणाले, "सरका आता, माझा नंबर हाय." बाकावरच्या सगळ्या जणी एकदम बोलायला लागल्या. मंगलताईंनी आमच्याकडं पुन्हा पाहिलं नाही. त्यांना वेळच नव्हता.

परतीच्या एसटीत मॅडम भलत्याच खुशीत होत्या. अशा वेळी त्या माझ्या आईला घरगुती उपाय सांगायला फोन लावत, तसा लावलाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिलेला शब्द प्रोग्रॅममध्ये उतरवला. माग नेहमीसारखा आमच्याकडं येई, केंद्रावरच्या पडद्यावर मात्र मोजकी दोनच वाक्यं दिसत: काय अडलं, आणि 'विचारा: सुनंदा मॅडम'. त्याखाली नंबर. रफिकभाईंनी डोक्याला हात लावला. "मॅडम, दुनियेत कुनी सॉफ्टवेअरवाला चुकीवर आपलं नाव छापतो का?" पण झालं उलटंच. लॅबनं आणखी केंद्रं आमच्याकडं दिली, कारण म्हणे तुमच्याकडं विचारायला माणूस तरी आहे. मॅडमचा फोन खणखणत राही. कुणी चुकीसाठी करी, कुणी लेकीच्या अ‍ॅडमिशनसाठी. त्या प्रत्येकाला विचारत, "कुठून बोलताय?"

गेल्या उन्हाळ्यात मॅडम वारल्या. दुपारी घरी बसल्या बसल्या हृदय बंद पडलं. मला त्यांच्या भावाचा फोन आला. मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. मला त्या आईसारख्या होत्या असं म्हणणार नाही, आई मला आहे. पण मी ज्या पद्धतीनं विचार करते, ती त्यांची आहे, आणि ती देणारं माणूस पुन्हा मिळत नाही. रडायचं तेवढं मी रडले.

पडद्यावरचं नाव मात्र आम्ही काढलं नाही. त्यांचा नंबर बंद झाला, म्हणून त्या जागी ऑफिसचा टाकला, पण नाव तेच ठेवलं. रफिकभाई म्हणाले, राहू द्या, त्या नावात बरकत आहे. मलाही ते बरं वाटायचं. कुठं काही अडलं की त्यांचं नाव यायचं आणि जीव हुरहुरायचा. हा आमचा आपला मॅडमना नमस्कार होता.

दिवाळीनंतर एका सकाळी मंगलताईंचा फोन आला. "ताई, मॅडमचं नाव आलंय स्क्रीनवर." मागून माणसांचा गलका ऐकू येत होता. एका नव्या तपासणीची नोंद पुढं जात नव्हती. मी माग उघडला, चूक कुठून निघाली ते दिसलं, म्हटलं, थोडा वेळ द्या. पण मंगलताईंनी फोन ठेवला नाही. आवाज खाली करून म्हणाल्या, "हितं समदे म्हणायलेत, नाव हाय ना, मंग लावा की त्या बाईला फोन, बोलू द्या आमाला. आता मी ह्यांना काय सांगू, ताई? पुन्ना मीच उबी हाय ह्यांच्या म्होरं."

आमचा नमस्कार तिकडं मंगलताईंना एकटं पाडत होता. मी म्हटलं, स्पीकर लावा. त्या पाथरीच्या बाकांवरच्या माणसांना मी काय अडलंय ते सांगितलं, चूक आमची आहे, ताईंची नाही, असं सांगितलं, आणि ते काम पुरं करूनच उठले.

त्याच दुपारी मी रफिकभाईंना न विचारता ती ओळ उघडली. मॅडमचं नाव खोडताना हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू. त्या जागी माझं लिहिलं, माझा नंबर टाकला आणि सगळ्या केंद्रांवर पाठवून दिलं.

संध्याकाळी मंगलताईंनी आपणहून फोन केला.

"ताई, आता तुमचं नाव दिसायलंय."

"हो."

"मंग आता काई बिघडलं तर मी तुमालाच बोलनार, बगा. लोकांसमोर बोलीन."

"बोला," मी म्हणाले.